पेत्राच्या रथावरचा कोंबडा

मेलेसियो काबान्यासला कुठल्याही सिनेमात प्रभू सापडायचा. दरोड्याचा सिनेमा असो, भुताखेतांचा असो, नाहीतर दोन बहिणींनी एकाच माणसापायी रडून घातलेला गोंधळ असो. दिवे लागले, लोक डोळे पुसत किंवा जांभया देत उठू लागले, की मेलेसियो पडद्यापुढे येऊन उभा राही, शर्टाची वरची गुंडी लावी, आणि कोळीण जशी माशाच्या पोटातून अलगद गाभोळी काढते तसा सिनेमाच्या पोटातून बोध काढी. गावातली पोरं त्याला मानानं ‘नोंग’ म्हणत; त्यांचं म्हणणं, नोंग मेलेसियोला दातांच्या पावडरीची जाहिरात दाखवा, तो त्यातही पुनरुत्थान दाखवील.

तागबुलोच्या चर्चमागे एक लांबट हॉल आहे. एका बाजूला समुद्र, एका बाजूला नारळी, वर गंजलेले पत्रे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी वधस्तंभाच्या वाटेची प्रार्थना आटोपली की तिथल्या भिंतीला चादर ठोकत आणि जुना, काळापांढरा सिनेमा लावत. हा नाद पाद्रे आन्सेल्मोंचा. ते वयानं तरुण, मनिलात शिकलेले, आणि त्यांचं म्हणणं असं, की ज्या दिवशी मांस खायचं नाही, नाचायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही, त्या दिवशी माणसाला निदान अंधारात बसून दुसऱ्याचं दुःख बघू द्यावं. बोध सांगायचं काम मेलेसियोकडे आलं ते आपसूक. उभा जन्म त्यानं शाळेचा हेडमास्तर म्हणून काढला होता. बोध सांगायचा थांबला असता तर आजारी पडला असता.

त्या वर्षी बिशपांचं फर्मान आलं की यंदाच्या उपवासकाळाचा विषय ‘माणूस आणि सृष्टी’. पाद्र्यांनी शोधून शोधून जनावरांचे, झाडांचे, नद्यांचे सिनेमे आणले. मेलेसियो खुलला. तो शुक्रवारमागून शुक्रवार मुक्या जिवांवर बोलला, आणि असा बोलला की मासळी बाजारातल्या बायकांना दुसऱ्या दिवशी खेकड्यांच्या नांग्या बांधताना अवघडल्यासारखं व्हायचं.

आणि रविवारी, चर्चमधली मिस्सा झाली की, मेलेसियो झुंजीच्या आखाड्यात जायचा.

या दोन गोष्टींची त्याच्या मनात कधी गाठच पडली नव्हती. रस्तेच वेगळे ना. हॉलकडे जाणारा चर्चच्या उजव्या हातानं, आखाड्याकडे जाणारा डाव्या. शिवाय आखाड्यात गावातले सगळेच पुरुष असत. जिथे सगळे असतात तिथे पाप फारसं शिरत नाही, जागाच उरत नाही त्याला.

एकच दुःख होतं. मेलेसियोचे कोंबडे हरत. आमच्याकडे हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या हंडीत जातो, आणि मेलेसियोचे बहुतेक कोंबडे इग्मेदियोच्या हंडीत गेले होते. इग्मेदियो हा तीनचाकी चालवणारा, मेलेसियोच्या मुलाचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना ‘पारे’ म्हणत. दर सोमवारी रस्त्यात गाठ पडली की इग्मेदियो पोटावरून हात फिरवून म्हणे, “पारे, कालचा तुझा लाल फार मऊ निघाला हो! काय खायला घालत होतास? बायबल?”

बुलिक मात्र वेगळा होता.

अंगभर काळीपांढरी चित्ती; आमच्याकडे अशा कोंबड्याला बुलिक म्हणतात. मेलेसियोच्या मुलानं, रोदेलनं, त्याला वाढवलं होतं. कोंबडीनं टाकून दिलेलं पिल्लू; रोदेलनं ते शर्टाच्या खिशात घालून फिरवलं, खिशात भात ठेवला, खिशातच निजवलं. पुढे पिल्लू खिशात मावेना, आणि रोदेल गावात मावेना. तो मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत तेलपाणी बघायला गेला. जाताना त्यानं आईला मिठी मारली, बापाचा हात कपाळाला लावला, आणि कोंबड्याशी बराच वेळ काहीतरी बोलत बसला.

तेव्हापासून घरातली पहाट बुलिकच्या गळ्यातून यायची. मेलेसियोची बायको देल्फिना, तिला सगळे पिना म्हणत, चूल पेटवताना गुणगुणायची:

दर्याच्या पल्याड, लेक माझा गं जागतो
पहाटेची हाक त्याला, कोंबडा गं देतो

जहाज बंदराला लागलं आणि रोदेलचा फोन आला, की ती आधी बुलिककडे धावायची. फोनमधून आवाज यायचा, “बुलिक? ओय, बुलिक!” आणि कोंबडा मान अशी ताणायचा, जणू ती फोनातून पार करून पलीकडे काढायचीय, आणि आरवायचा. पिना हसायची, मग चाळा करत असल्यासारखी झग्याची बाही डोळ्यांना लावायची. “ऐकलंस?” ती फोनला सांगायची. “माझ्याशी इतका कधी बोलत नाही हा.”

आणि हाच बुलिक, पायांना कातड्याच्या टोप्या घालून केलेल्या सरावात, इग्मेदियोच्या दोन कोंबड्यांना लोळवून आला होता. मेलेसियोच्या काळजात कित्येक वर्षांत झाली नव्हती अशी धडधड झाली. ईस्टरच्या रविवारी आखाड्यात वर्षातली सर्वांत मोठी झुंज असते. तिथे कातड्याच्या टोप्या नसतात. पायाला पातं बांधतात, आणि दोघांपैकी एकच चालत बाहेर येतो. मेलेसियोनं बुलिकचं नाव देऊन टाकलं.

पिनाला सांगितलं नाही. सांगू, जिंकल्यावर. रोदेललाही तेव्हाच सांगू. जिंकलेल्या गोष्टीला कोण नाव ठेवतं?

पवित्र आठवड्याआधीच्या शुक्रवारी हॉलमध्ये ‘पांढऱ्या पायाची घोडी’ लागला. इस्को नावाच्या टांगेवाल्याची गोष्ट. त्यानं लुना नावाची घोडी शिंगरू असल्यापासून वाढवलेली. पुढे त्याला मोटारीची हाव सुटते, तो लुनाला वाळू वाहणाऱ्या ठेकेदाराला विकतो, पैसा करतो, पांढरा सूट घालतो. एके दिवशी तो होणाऱ्या सासऱ्याबरोबर चर्चच्या दारात उभा असताना वाळूची गाडी ओढत हाडांचा सापळा झालेली लुना येते, त्याच्यापुढे थांबते आणि त्याच्या पांढऱ्या खांद्यावर तोंड टेकते. सासरा विचारतो, “हे जनावर ओळखतं की काय तुम्हाला?” इस्को खांदा झटकतो. “छे! मी नाही ओळखत.” घोडीच्या पाठीवर चाबूक बसतो, ती पुढे जाते, आणि पडद्यावर नुसता तिचा पांढरा पाय उरतो.

हॉलमध्ये एकही कोरडा डोळा नव्हता. इग्मेदियोनंसुद्धा नाक शिंकरलं. मेलेसियो पुढे आला. गुंडी लावली.

“हा इस्को कोण?” तो हळूच म्हणाला.  “अरे, आपण रोज त्याला मेणबत्ती लावतो की! हा पेत्र. प्रभूला धरून नेलं त्या रात्री अंगणात शेकोटी पेटली होती. पेत्र हात शेकत बसला होता. एक म्हणाली, तू त्याच्यातलाच ना? म्हणाला, मी नाही ओळखत त्याला. दुसऱ्यानं विचारलं, नाही म्हणाला. तिसऱ्यानं विचारलं, नाही म्हणाला. आणि?”

“कोंबडा आरवला,” हॉल एका सुरात म्हणाला.

“कोंबडा आरवला. माणूस खोटं बोलला आणि पाखरू खरं बोललं. या सिनेमात ती घोडी खरं बोलते. मुक्या जिवानं आपल्याला ओळखलं आणि आपण म्हटलं, कोण हा? याच्याहून मोठं पाप ते कुठलं? पण प्रभूनं पेत्राला टाकलं का? नाही! मरणातून उठल्यावर तळ्याकाठी निखारे पेटवले, मासे भाजले, आणि त्याला तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रेम आहे का तुझं? तो हो म्हणाला, तर काय सांगितलं? उपास कर? गुडघ्यांवर चाल? नाही हो! म्हणाला, मग माझ्या मेंढरांना चार. खायला घाल!” मेलेसियोचा आवाज कापला, तो स्वतःच्याच बोलण्यानं हलून जायचा, हा त्याचा गुण होता. “ज्याच्यावर जीव आहे त्याला खायला घाला. अख्ख्या सृष्टीचा कायदा एवढाच आहे.”

पाद्र्यांनी टाळ्या वाजवल्या. उपवासकाळात वाजवत नाहीत, तरी वाजवल्या. आणि त्या टाळ्यांत पहिल्या रांगेतली पिना उठून उभी राहिली. तिचे गाल ओले होते.

“पाद्रे, एक सांगायचंय. आमच्या पेत्राचा कोंबडा मोडलाय.”

तागबुलोत प्रत्येक जुन्या घराकडे एक संत असतो. वर्षभर तो घरातल्या काचेच्या कपाटात राहतो, आणि गुड फ्रायडेला फुलांनी सजवलेल्या रथात बसून गावातून फिरतो. काबान्यास घराण्याकडे संत पेत्र होता, मेलेसियोच्या आजीपासून. लाकडी, टकला, गालांवर काचेचे दोन अश्रू, आणि शेजारी खांबावर लाकडी कोंबडा. त्या आठवड्यात पिनानं धूळ झटकायला फडकं लावलं आणि कोंबडा वाळवीच्या पिठासारखा फडक्यात आला.

“प्लॅस्टिकचा मिळेल,” मागून इग्मेदियो म्हणाला. “शहरात त्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानाबाहेर मोठा उभा आहे. टोपी घातलेला.”

“प्लॅस्टिक नको,” पिना म्हणाली; नवऱ्याला ती लेस्यो म्हणे. “आत्ता लेस्यो काय म्हणाला ऐकलंत ना? पाखरू खरं बोललं. यंदा पेत्राशेजारी आमचा बुलिक उभा राहील. जिवंत. माझा नवस आहे तसा.”

हॉलनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. मेलेसियोनं गळ्याची गुंडी हळूच सोडली.

घरी येताना तो म्हणाला, “पिना, अगं गर्दी, धूर, मेणबत्त्या... बुजेल तो.”

“बुलिक? इग्मेदियोच्या तीनचाकीचा भोंगा वाजतानाही झोपतो तो.”

“पण नवस कशाला लगेच? विचारायचं तरी.”

“तुलाच विचारून केला की. तू बोलत होतास, मी ऐकत होते. घोडीच्या जागी मला तोच दिसत होता.” ती थोडं चालली. “रोदेलला किती आनंद होईल! त्याचा कोंबडा संताच्या रथात.”

 मेलेसियोनं मनाशी हिशेब मांडला. मिरवणूक शुक्रवारी, झुंज रविवारी. मधे अख्खा शनिवार विश्रांतीला. संतालाही कोंबडा, आखाड्यालाही कोंबडा. कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडवलं नांग तोर्यांगनं; थोर बाईला आम्ही नांग म्हणतो. ही म्हातारी रथांपुढे फुलं टाकणाऱ्या बायकांची म्होरकी. पाद्रे काय म्हणतात ते तागबुलो ऐकतं, पण तोर्यांग काय म्हणते ते करतं. फुलं निवडता निवडता तिनं निकाल देऊन टाकला: “संताशेजारी उभा राहिलेला जीव संताचा झाला. त्याला पुन्हा आखाड्यात नेला, तर गेल्या वादळात पत्रे उडाले, या वादळात भिंती उडतील.”

मेलेसियोनं पाद्र्यांना बाजूला घेऊन विचारलं, “असं कुठे लिहिलंय का हो?”

“लिहिलेलं नाही, नोंग,” पाद्रे म्हणाले. “पण का विचारता?”

“सहज. ज्ञान म्हणून.”

गुड फ्रायडेला सूर्य बुडता बुडता रथ निघाले. त्या दिवशी घंटा वाजत नाहीत. लाकडी खुळखुळ्याचा कट्‌कट्‌ आवाज, अनवाणी पायांची सळसळ, आणि मेणबत्त्यांची एक लांब, हळू नदी. घराघरांतून केळी, अळकुडी आणि साबुदाणा घालून नारळाच्या दुधात शिजवलेल्या बिनिग्नितचा गोड वास येत होता. पेत्राचा रथ चौथा. दोराला मेलेसियो, कारण संत त्याच्या घरचा. वर पेत्र रडत होता, आणि त्याच्याशेजारी, पाय रेशमी फितीनं खांबाला बांधून, बुलिक उभा होता. बुजणं सोडाच; मान वर, छाती पुढे, जणू ही गर्दी त्याच्याचसाठी जमली होती आणि रडणारा म्हातारा उगाच मधे आला होता.

पिना मागे बायकांत चालत होती. एका हातात मेणबत्ती, एका हातात फोन. रोदेलचं जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं.

गल्लीच्या वळणावर तोर्यांग फुलांची टोपली घेऊन मेलेसियोच्या बरोबरीनं चालू लागली. डोळे जमिनीवर, ओठ प्रार्थनेत, आणि प्रार्थनेच्या मधेच म्हणाली, “मेलेसियो, माझा नवरा सांगतो, रविवारच्या आखाड्यात बुलिक नावाचा कोंबडा आहे. हाच का तो?”

“हा?” मेलेसियो म्हणाला. “छे, छे, नांग. हा नव्हे. ऐन वेळी बदलला. हा त्याचा भाऊ.”

“मग ठीक.” तिनं मूठभर फुलं टाकली. “मला वाटलं, संताला फसवतोयस.”

मेलेसियोनं दोर घट्ट धरला. पुढच्या दिव्याखाली दोराला दुसऱ्या बाजूनं हात लावायला इग्मेदियो आला.

“पारे,” तो कुजबुजला, “शहाणपणा केलास हो! संताचा कोंबडा! आता रविवारी त्याच्याविरुद्ध पैज कोण लावणार? आखाडेवाले म्हणतात, वर जो उभा आहे तोच बुलिक असेल तर नाव काढून टाकू. कुणाला संताशी वैर नको. तोच ना?”

तोर्यांगचा कान इकडेच होता. “तो नाही,” मेलेसियो म्हणाला. “सांगितलं ना, भाऊ आहे त्याचा. बुलिक घरी आराम करतोय.”

“भाऊ? एक चित्ती इकडची तिकडे नाही.”

“भाऊच असतात तसे. चल, ओढ.”

आणि त्याच वेळी गर्दीतून वाट काढत पिना आली. फोन पुढे धरलेला, चेहरा उजळलेला. फोनमध्ये रोदेल होता. तेलकट टोपी, मागे लोखंडी भिंत, आणि डोळ्यांत तेवढ्याशा चौकटीत मावलेली अख्ख्या गावाची दिवाळी.

“ताताय!” तो बापाला म्हणाला. “दिसतंय मला सगळं! आपला पेत्र! आणि तो बुलिक ना शेजारी? किती मोठा झाला!”

तोर्यांग थांबली. इग्मेदियो थांबला. फुलांची टोपली थांबली, दोर थांबला. मेलेसियोला डाव्या कानाशी एकीचा श्वास ऐकू येत होता, उजव्या कानाशी एकाचा. पिना काहीच न कळून हसत होती.

“नाही रे पोरा,” मेलेसियो म्हणाला. “तो नव्हे. हा दुसरा.”

पिनाच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं नाही. नुसतं कुठे जावं ते न कळून तिथंच राहिलं.

“दुसरा?” रोदेल म्हणाला. “मग बुलिक कुठंय, ताताय? बरा आहे ना?”  लाकडी खुळखुळ्याच्या दोन ठोक्यांच्या मधे, फोनमधून त्याचा आवाज जरा चढला. घाबरला होता. “बुलिक? ओय, बुलिक!”

रथावर पिसं फुलली. मान ताणली गेली. आणि जिथे घंटासुद्धा वाजत नाहीत त्या गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, रडणाऱ्या पेत्राच्या कानाशी, बुलिक असा आरवला की पहिल्या रथापासून शेवटच्या रथापर्यंत मेणबत्त्यांची नदी जागच्या जागी गोठली.

सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. मेलेसियोनंच पाठ करून घेतली होती. पुढे चालणारे पाद्रे वळले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि हातातल्या पुस्तकात ते लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. गाणाऱ्या पोरींनी एकमेकींच्या पाठीत तोंडं खुपसली. तोर्यांगनं छातीवर क्रूस केला. इग्मेदियोनं सदऱ्याची कॉलर दातांत धरली, सोडली, आणि म्हणाला, “पारे, तुझ्या बुलिकचा भाऊ नावाला ओ मात्र देतो हं.”

मेलेसियोनं फोनकडे पाहिलं. रोदेल हसत नव्हता. तो बापाकडे पाहत होता. शिंगरू असताना वाढवलेल्यानं नाही म्हटल्यावर ती पडद्यावरची घोडी जशी पाहत होती, तसा. मग चौकट काळी झाली. बंदरातला सिग्नल गेला असेल, किंवा त्यानंच फोन तोडला असेल.

“हा दुसरा,” पिना एवढंच म्हणाली. तिचे शब्द नव्हते ते, त्याचेच होते; तिनं फक्त ते उचलून त्याच्या हातात परत ठेवले.

पुढची सगळी वाट मेलेसियोनं दोर एकट्यानं ओढल्यासारखा ओढला. कुणी विचारलं तर सांगायला त्यानं तयारी ठेवली होती, की डोळ्यांत मेणबत्तीचा धूर गेलाय. कुणी विचारलं नाही.

शनिवारभर घरात भांड्यांचा आवाज होता, माणसांचा नव्हता. फोन टेबलावर पालथा पडून राहिला. झुंजीचं पिनाला शेजारणींकडून कळलंच होतं. आखाडेवाल्यांनी निरोप पाठवला की इतक्या गाजलेल्या कोंबड्याचं नाव त्यांनी यादीत ठेवलंय. संत-बिंत काही नाही, लांबलांबची माणसं बघायला येणार म्हणतात. मेलेसियोला वाटलं होतं ते नाव काढतील. त्यांनी काढलं असतं तर किती सोपं झालं असतं. आता काढायचं तर त्यालाच काढायचं होतं, आणि काढलं तर तोर्यांगला भ्याला म्हणतील, इग्मेदियोला भ्याला म्हणतील, कोंबड्याला भ्याला म्हणतील. हेडमास्तर माणूस. आणि जिंकला असता तो! हीच तर खरी बोच. बुलिक जिंकला असता.

रविवारी पहाटे चर्चसमोर उठलेल्या प्रभूच्या आणि त्याच्या आईच्या मूर्तींची भेट झाली, एका मुलीनं आईच्या चेहऱ्यावरचा काळा पदर काढला, घंटांनी कोंडून ठेवलेला सगळा आवाज एकदम सोडला. मेलेसियो तसाच घरी आला. अंगणात पिनानं नारळाच्या करवंट्यांचे निखारे केले होते आणि त्यांवर मासे भाजत होती. खाली वाळू, मागे समुद्र, धूर सरळ वर जाणारा. बुलिक दोरीशी उभा होता, पोट रिकामं. झुंजीच्या दिवशी कोंबड्याला खायला घालत नाहीत. भरल्या पोटी अंग जड होतं, उडी बसत नाही. मेलेसियोनं रात्रीपासूनच त्याचं भांडं उपडं करून ठेवलं होतं.

तो निखाऱ्यांजवळ बसला. पिनानं त्याला पान दिलं, त्यावर मासा दिला, भात दिला. मग वर न बघता म्हणाली:

“लेस्यो, बुलिकवर जीव आहे का रे तुझा?”

शुक्रवारनंतरचं तिचं पहिलं वाक्य. त्याला एवढं बरं वाटलं की घाईनं म्हणाला, “आहे की. हे काय विचारणं?”

ती मासा उलटू लागली. चरबी निखाऱ्यांवर चुरचुरली.

“जीव आहे तुझा त्याच्यावर?”

“हो म्हटलं ना! रोज पहाटे अंग कोण चोळतं त्याचं? मीच ना?”

तिनं निखारे जरा पुढे ओढले. समुद्राकडून वारा आला, धूर त्याच्याकडे वळला.

“लेस्यो, तुझा त्याच्यावर जीव आहे?”

आता मात्र त्याला वाईट वाटलं. पहिल्यांदा विचारलं ते ठीक, पण पुन्हा पुन्हा काय, जणू तो शाळेतला पोरगा. “पिना,” तो म्हणाला, “तुला सगळं ठाऊक आहे. उगाच का वदवून घेतेस? आहे, आहे जीव.”

“मग खायला घाल त्याला,” ती म्हणाली, आणि मक्याची वाटी त्याच्यापुढे ठेवली.

हेच जर भिंतीवरच्या चादरीवर दिसलं असतं, हे निखारे, हे मासे, ही बाई आणि एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारणं, तर मेलेसियो काबान्यास शर्टाची गुंडी लावून उठला असता आणि अर्धा तास बोलला असता. पण हे त्याचंच अंगण होतं. त्याला एवढंच दिसलं की वाटीत मका आहे, आणि बायकोचा हात वाटीवरून अजून निघालेला नाही.

बाहेर तीनचाकीचा भोंगा वाजला. “पारे! चल, उशीर होतोय! पातं बांधणारा येऊन बसलाय!”

मेलेसियो उठला. वाटी घेतली. बुलिकचं उपडं भांडं पायानं सुलटं केलं, मका ओतला, आणि बुलिकनं लगेच त्यात चोच घातली. मग कुंपणाकडे तोंड करून, हेडमास्तर होता तेव्हा मैदानाच्या टोकापर्यंत जायचा त्या आवाजात म्हणाला:

“पारे, तो बुलिकच होता. शुक्रवारी रथावर होता तो बुलिकच. माझा आहे. येणार नाही तो.”

भोंगा बंद झाला. कुंपणावर इग्मेदियोचं डोकं आलं. “येणार नाही म्हणजे?”

“मका खाल्लाय त्यानं.”

“आज? झुंजीच्या दिवशी?” इग्मेदियोच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख पसरलं, इतक्या वर्षांत मेलेसियोनं त्याला ती सिनेमातली घोडी सोडून कशासाठी हळहळताना पाहिलं नव्हतं. “पारे, तुला वेड लागलंय हो! हा जिंकला असता! पहिल्यांदा तुझा कोंबडा...”

“ठाऊक आहे मला,” मेलेसियो म्हणाला.

इग्मेदियोनं डोकं हलवलं. मग नाकानं हवा ओढली. “मासे कसले आहेत?”

“ये आत,” पिना म्हणाली. “भोंगा वाजवू नकोस म्हणजे झालं.” तिनं टेबलावरचा पालथा फोन उचलून सुलटा केला आणि नंबर लावायला घेतला.

मेलेसियो भांड्याजवळ उकिडवा बसला. मूठभर मका त्यानं तळहातावर घेतला आणि पुढे केला. बुलिकनं आधी एका डोळ्यानं पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं. माणसाकडे नव्हे, मक्याकडे. मग असा टोचा मारला की तळव्यावर रक्ताचा थेंब आला.

“बुलिक?” मेलेसियो म्हणाला. मग आजूबाजूला बघून, पोराच्या सुरात म्हणून पाहिलं, “ओय, बुलिक?”

कोंबड्यानं मान वर केली नाही. त्याला भूक लागली होती. मेलेसियोनं हात मागे घेतला नाही, तसाच पुढे धरून ठेवला.